पाण्यात घालायचे बूट

"पाणीम्हा बूट घालीसन कोन जास रे?" आप्पांनी विचारलं.

व्हिडिओ कॉल चालू होता. सिंगापूरला रात्रीचे साडेदहा, चाळीसगावला आठ. आप्पा नुकतेच दुकान वाढवून आले होते, आई मागे भाकरी थापत होती आणि फोन नेहमीसारखा तांब्याला टेकवून ठेवलेला, त्यामुळे मला आप्पांपेक्षा छताचा पंखाच जास्त दिसत होता. आप्पांचं चाळीसगावात चपला-बुटांचं दुकान आहे. माझ्या जन्माच्या आधीपासून. माझं इंजिनिअरिंग त्याच दुकानावर झालं. पण नोकरी लागल्यापासून मी त्यांना बुटांबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. सगळे बूट ॲपवरून मागवायचो, आणि सुट्टीत घरी गेलो की ते उंबऱ्यापाशी काढलेले माझे बूट उचलून, उलटे करून, सोल दाबून बघायचे आणि काही न बोलता परत ठेवायचे.

त्या रात्री मी विचारलं होतं, पाण्यात घालायला बूट कुठला चांगला?

असा प्रश्न का पडला ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हीही आप्पांसारखंच विचाराल.

वेकस्केट नावाची एक फळी असते. स्केटबोर्डची चाकं काढून टाका, फळी थोडी रुंद आणि लांब करा, खाली दोन बोटभर पंख लावा, झाली वेकस्केट. तिच्यावर उभं राहायचं, हातात दोरीची मूठ धरायची, आणि दोरी पुढून कोणीतरी ओढायची. हे ओढणारं कोणीतरी म्हणजे मोटरबोट, नाहीतर केबल. केबलचा प्रकार ब्रूनो रिक्सेन नावाच्या एका जर्मन इंजिनिअरने १९६०च्या आसपास काढला: तळ्याभोवती उंच खांब, त्यांच्यावरून डोक्यावर फिरत राहणारी तार, आणि तिला लटकलेल्या दोऱ्या. पिठाच्या गिरणीचा पट्टा आडवा करून तळ्यावर ताणला तर कसा दिसेल, साधारण तसं. सिंगापूरला ईस्ट कोस्ट पार्कमध्ये असा एक केबल पार्क आहे. ऑफिसातला एक फिलिपिनो सहकारी मला तिथे घेऊन गेला. त्याच्या देशात कामारिनेस सूर प्रांतात मोठा केबल पार्क आहे आणि तो तिथे शिकलेला. मी त्याच्या मागे पाण्यात उतरलो याचं कारण फक्त एवढंच, की ऑफिसबाहेर मला हाक मारणारा तेव्हा तो एकटाच होता.

सुरुवात वेकबोर्डने झाली. वेकबोर्डवर पाय बुटांसारख्या खोबणीत घट्ट आवळलेले असतात. पहिल्याच वळणावर मी तोंडावर आपटलो, आणि पाण्याखाली दोन्ही पाय एकमेकांपासून सुटेनात. जॅकेट होतं, वर आलोच असतो, आलोही. पण ज्या माणसाने पाठीला पत्र्याचा डबा बांधून मामाच्या मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकलेलं असतं, त्याला पाण्यात पाय बांधलेले चालत नाहीत. डबा पाठीला असतो, पाय मोकळे असतात. माझ्या अंगात पोहणं तसंच बसलेलं आहे.

मी बाहेर येऊन म्हटलं, दुसरं काही आहे का? सहकाऱ्याने वेकस्केट दाखवली. पाय बांधायचे नाहीत. पडलात की फळी एकीकडे, तुम्ही एकीकडे. तो म्हणाला, जास्त वेळा पडशील. म्हटलं, पडू दे.

पाच-सहा महिने भाड्याच्या फळीवर काढले आणि मग स्वतःची घ्यायची ठरवली. इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. एक्सेल शीट केली, त्यात बारा रकाने. त्यातले नऊ निरुपयोगी होते हे आता कळतं. पहिली फळी घेणाऱ्याला तीनच गोष्टी बघाव्या लागतात: लांबी, माल, आणि वरचा पृष्ठभाग. बाकी नाकाचा उठाव किती, पंख कुठल्या आकाराचे, मध्ये खोलगट की सपाट, हे सगळं पडायचं कमी झाल्यावर.

लांबी वजनावर ठरते. बहुतेक वेकस्केट ४० ते ४५ इंचांत असतात आणि प्रत्येक कंपनी आपला वजनाचा तक्ता देते. माझं वजन ७४ किलो. भाड्याची फळी ४१ इंचांची होती, आणि ती सुरुवातीला माझ्याखाली बुडायची. दोरी ताणली की फळी वर यायच्या आधीच माझा तोल गेलेला. छोटी फळी गरगर फिरवायला सोपी, हे खरं, पण फिरवायला आधी उभं राहावं लागतं. मी ४४ची घेतली आणि त्याच दिवशी तळ्याची पहिली सरळ बाजू पार केली. नव्या माणसाने दोन मापांत अडकलं तर मोठं घ्यावं. शाळेचे बूट घेताना आप्पा गिऱ्हाइकाला हेच सांगतात, फक्त कारण वेगळं.

मालाचं म्हणाल तर मला लाकडी हवी होती. मेपलचे पातळ थर एकावर एक चिकटवून दाबलेले असतात, वरून इपॉक्सीचा हात. दिसायला सुंदर, पायाखाली जिवंत वाटते, आणि सेकंडहँड स्वस्त मिळत होती. मी ती हातात घेतली, कडेवर बोट फिरवलं आणि एका कोपऱ्यात टवका उडालेला सापडला. तांदळाच्या दाण्याएवढा. विकणारा म्हणाला, काही नाही, नेलपॉलिश लाव.

मी ती घेतली नाही. थर चिकटवलेल्या लाकडात एकदा पाणी शिरलं की काय होतं, हे मी पाहिलेलं होतं. आमच्या दुकानातल्या प्लायच्या रॅकना पाणी लागलं तेव्हा पहिले दोन दिवस काहीच झालं नव्हतं. मग कडा फुगल्या. मग एकेक थर पुस्तकाच्या पानांसारखा उलगडला. लाकडी फळी वाईट असते असं नाही, तिची निगा ठेवणाऱ्याकडे ती वर्षानुवर्षं टिकते: टवका लगेच भरायचा, गोड्या पाण्याने धुवायची, उन्हात टाकायची नाही. मी तसा माणूस नाही. मी फायबरची घेतली, आत फोम, बाहेर कडक कवच. थोडी निर्जीव आहे. पण पाणी पीत नाही.

राहिला वरचा पृष्ठभाग. काही फळ्यांवर मऊ फोम चिकटवलेला असतो, त्यावर अनवाणी उभं राहता येतं, गुडघे घासले तरी सोलत नाहीत. नवख्याने खरं तर हीच घ्यावी. काहींवर ग्रिपटेप असतो, म्हणजे चक्क सँडपेपर. पाय घट्ट धरून ठेवतो, पण बूट नसले तर तळव्याचं कातडं ठेवत नाही. मला परवडणारी, माझ्या मापाची जी एकच फळी होती, तिच्यावर ग्रिपटेप होता.

म्हणून बूट. म्हणून आप्पा.

खरं तर आधी मी तीन प्रयोग करून झालो होतो. पहिले माझे रोजचे धावायचे बूट. त्यांचा सोल जाड आणि गुबगुबीत, पायाखाली फळी आहे की गादी ते कळेना, आणि पाणी प्यायल्यावर एकेक बूट विटेएवढा जड. दुसरे ते पाण्यासाठीच म्हणून मिळतात ते पातळ, मोजासारखे बूट. ते हलके, पण वळताना पाय एका बाजूला रेटला की पाय बुटाच्या आत सरकतो आणि बूट जागच्या जागी राहतो. तिसरे मागे पट्टा असलेले सँडल. एक अजून तळ्यात आहे. वेकस्केटसाठी खास बनवलेले बूटही असतात, पाणी निघून जायला भोकं वगैरे असलेले, पण माझ्या मापाचे कुठे दिसेनात.

हे सगळं मी आप्पांना सांगितलं. फळी कॅमेऱ्यासमोर धरून दाखवली. ते थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांनी फोन तांब्यापासून उचलला आणि पहिल्यांदाच मला त्यांचा पूर्ण चेहरा दिसला.

"रेक्झिन घिऊ नको," ते म्हणाले. "पेस्टिंगवाला बी नको. आतला सुखतळा निंघास का पहाय. पुठ्ठाना ऱ्हायना तर टाकी दे."

आणि मग सुरू झाले ते वीस मिनिटं थांबले नाहीत. पेस्टिंगचा सोल, म्हणजे नुसत्या चिकटवणीवर बसवलेला, पाण्यात तिसऱ्या दिवशी टाचेकडून तोंड उघडतो. शिलाईचा सोल टिकतो, पण दोरा सुती असेल तर कुजतो. रेक्झिन वरून धडधाकट दिसतं, वाळलं की घडीवर पापुद्रे सुटतात. चामडं भिजून वाळलं की आखडतं, आठ नंबरचा बूट सात नंबरचा होतो. पीयूचा सोल सगळ्यात दगाबाज: धुवा, वाळवा, नव्यासारखा दिसतो, आणि वर्षा-दोन वर्षांनी गिऱ्हाइकाच्या पायात त्याचा भुगा होतो. (हे खरं आहे. पॉलियुरेथेन पाण्याने आणि दमटपणाने हळूहळू तुटत जातं, रसायनशास्त्रात त्याला हायड्रॉलिसिस म्हणतात. आप्पा म्हणतात, "आतून सडस".) आणि शेवटपर्यंत ज्याला काहीच झालं नाही, तो म्हणजे भट्टीतला माल. कॅनव्हासचा बूट, ज्याचा रबरी सोल गंधक घालून उष्णतेने पक्का केलेला असतो. आपला शाळेचा पांढरा पी.टी.चा बूट.

मी हसलो. मग शोधून बघितलं. स्केटबोर्डवाले ज्याला व्हल्कनाइज्ड सोल म्हणतात आणि ज्याचे भरपूर डॉलर मोजतात, ते हेच. पातळ, सपाट, वाकणारा रबरी तळ, त्यातून पायाखालच्या फळीचा अंदाज येतो. वर कॅनव्हास, पाणी धरत नाही, लवकर वाळतो.

"आप्पा, तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

"तू पुणाले निंघी गया," ते म्हणाले, "मंग माले समजनं कोनता बूट पाणीना शे."

३१ ऑगस्ट २०२१. चाळीसगावच्या कोणालाही ही तारीख विचारा. आदल्या रात्री पाटणादेवीच्या बाजूच्या डोंगरांत पाऊस कोसळला आणि तितूर आणि डोंगरी, दोन्ही नद्या एकाच वेळी गावात शिरल्या. एरवी या नद्या म्हणजे पुलावरून जाताना मान वळवूनही बघू नये अशा. कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाला, तालुक्यात शेकडो गुरं वाहून गेली.

मी घरीच होतो. वर्क फ्रॉम होमचे दिवस. आमचं घर उंचावर आहे, तिथे पाणी आलं नाही. दुकान बाजारात. पहाटे चारला शेजारच्या दुकानदाराचा फोन आला आणि आप्पा उजाडायच्या आत निघाले. मला उठवलं नाही, पण मी जागा होतो. अकरा वाजता माझा क्लायंट डेमो होता. नोकरीला एकच वर्ष झालेलं. वीज गेलेली, लॅपटॉपला अडीच तासांची बॅटरी, मोबाइलला खिडकीच्या एकाच कोपऱ्यात रेंज. मी त्या कोपऱ्यात स्टूल ठेवून बसलो आणि परदेशातल्या चार लोकांना रिफंडचा स्क्रीन कसा चालतो ते समजावून सांगितलं. त्यांच्यापैकी एकाने विचारलं, मागे कसला आवाज आहे? पाऊस आहे, म्हटलं. डेमो झाला, मग त्यावर एक मीटिंग झाली, मग बॅटरी संपली. मी दुकानात पोहोचलो तेव्हा अडीच वाजले होते.

शटर अर्धं वर होतं. भिंतीवर माझ्या कमरेच्या वर चिखलाची सरळ रेघ. बुटांचे खोके राहिलेच नव्हते, त्यांचा लगदा झाला होता, आणि खोके गेल्यामुळे सगळे बूट सुटे झाले होते. चपलांच्या दुकानात माल मोजतात तो जोडीने. डावा एकीकडे आणि उजवा एकीकडे गेला की तो माल राहत नाही. आप्पा आणि दुकानातला पोऱ्या दोघं बादली घेऊन बसले होते. एकेक बूट चिखलातून काढायचा, बुचकळायचा, डावा या रांगेत, उजवा त्या रांगेत. रांगा दाराबाहेर रस्त्यापर्यंत गेल्या होत्या.

आप्पांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मी पांढरे स्नीकर्स घालून गेलो होतो.

"ते काढ," ते म्हणाले. "चप्पल घाल."

थोड्या वेळाने विचारलं, "झालं का काम?"

झालं, म्हटलं. एवढंच. त्यानंतर त्यांनी त्या सकाळचा विषय काढला नाही, मीही नाही. काही आठवड्यांनी ऑफिस उघडलं आणि मी पुण्याला गेलो. बूट वाळवणं, त्यातले टाकणं, ढीग लावून पन्नास-पन्नास रुपयांना विकणं, हे सगळं माझ्यामागे झालं. कुठला सोल कितव्या दिवशी उघडला हे आप्पांनी तिथे बसून पाहिलं. मला ते या फळीच्या निमित्ताने पहिल्यांदा कळलं.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा आप्पांनी माळ्यावरून एक पिशवी काढायला लावली. आत पांढऱ्या कॅनव्हासचे बूट, आठ नंबर. एकाचं रबर जरा जास्त पिवळं. पुरातल्या दोन वेगवेगळ्या जोड्यांतला एक डावा आणि एक उजवा. असे काही सुटे त्यांनी विकले नव्हते.

"चालतील का?" मी विचारलं.

त्यांनी बूट मधोमध वाकवला, सोडला, परत वाकवला. मग पोऱ्याचं दाभण मागून घेतलं, गॅसवर तापवलं आणि प्रत्येक बुटाला आतल्या बाजूने, तळव्याच्या कमानीपाशी, सोलच्या जरा वर तीन-तीन भोकं पाडली. बाहेरच्या बाजूला का नाही? तिथे बूट वाकतो, भोक फाटत जातं. कमानीपाशी वाकत नाही. कॅनव्हासच्या बुटांना कमानीपाशी धातूच्या दोन चकत्या असतात तेही त्यासाठीच का, असं मी विचारलं. "तथूनच हवा जास," ते म्हणाले, "पाणी बी जाई." सुखतळा काढून फेकून दिला. नाडी काढून सपाट, जाड सुती नाडी ओवली, कारण गोल नायलॉनची नाडी भिजली की गाठ सुटते. आणि मोजे न घालता घट्ट बसतात ना ते बोट घालून तपासलं. भिजल्यावर कॅनव्हास सैल होतो, त्यामुळे कोरडा असताना जरा चावलाच पाहिजे.

ते हे करत असताना मी म्हटलं, "आप्पा, त्या दिवशी मी उशिरा आलो."

दाभण गॅसवर होतं. त्यांनी मान वर केली नाही.

"जोड लावाले दोन मानसं लागतस," ते म्हणाले. "तू उना, मंग जोड लागनात."

आईने विचारलं, हे काय चाललंय गॅसवर.

सिंगापूरला परत आल्यावर पहिल्याच शनिवारी ते बूट घातले. हेल्मेट, जॅकेट, आणि पांढरे पी.टी.चे बूट. धक्क्यावरची पोरं बघायला लागली. फिलिपिनो सहकाऱ्याने विचारलं, कुठली कंपनी? मी गावाचं नाव सांगितलं. त्याला वाटलं कंपनीचंच नाव आहे.

मी सुरुवात पाण्यातूनच करतो: पाठीवर तरंगायचं, फळी एका हाताने तळव्यांना लावून धरायची, दुसऱ्या हातात मूठ. दोरी ताणली की फळी पायांवर दाबली जाते, आणि घाई न करता, गुडघे छातीशी ठेवून तिला वर येऊ द्यायचं. घाई केली की पाय निसटतात. पूर्वी माझे निसटायचेच. त्या दिवशी बूट फळीला चिकटले आणि मी पहिल्यांदा पूर्ण एक फेरी मारली. चार वळणं. पाचव्या वळणाला पडलो. पडल्यावर मूठ सोडायची, डोकं हातांनी झाकायचं आणि पाण्यावर येऊन आधी मागे बघायचं, कारण मागून दुसरा कोणीतरी येत असतो आणि तुमची फळी कुठे गेली हे तुम्हाला माहीत नसतं. बाजूला पोहत गेलो. बुटांतलं पाणी त्या सहा भोकांतून चुळका मारावी तसं बाहेर येत होतं.

सातव्या शनिवारी डावा बूट करंगळीपाशी फाटला. ग्रिपटेपने कॅनव्हास खाल्ला. मी फोटो पाठवला. दोन मिनिटांत फोन.

"डावाच ना? बाहेरून?"

तुम्हाला कसं कळलं, म्हटलं. फोटोत कळत नव्हतं.

पहिलीपासून माझा डावा बूट आधी जायचा. मी तो पाय बाहेरच्या कडेवर टाकतो. दर जूनला नवा जोड आणि दिवाळीपर्यंत डावा खलास, हे त्यांना पाठ होतं. मला नव्हतं. नंतर मी फळीवर उभा राहून व्हिडिओ काढून बघितला. खरंच, पुढचा डावा पाय कडेवर असतो, आणि म्हणूनच माझी फळी सतत एका बाजूला ओढली जाते. गेले आठ महिने मी हा दोष केबलला देत होतो.

"तो कागद कितला नंबरना शे?" आप्पांनी विचारलं.

"कुठला कागद?"

"फळीवरना. पॉलिश कागदले नंबर ऱ्हास ना."

मी बघून सांगितलं, ऐंशी.

"ऐंशी!" ते आईकडे वळून म्हणाले, जणू तिला ऐंशी नंबर म्हणजे काय ते माहीत होतं. मग त्यांनी सांगितलं, की करंगळीपासून अंगठ्यापर्यंत पुढून रबराची पट्टी चढवावी लागेल, जुन्या सायकलच्या ट्यूबची चालेल, पण आधी कॅनव्हास पूर्ण वाळलेला पाहिजे, आणि चिकटवणी लावून दहा मिनिटं थांबायचं, लगेच दाबायचं नाही. आणि आता सोल दाखव. जवळून. अजून जवळ. दिवा लाव.

मी ओला बूट कॅमेऱ्यासमोर धरून उभा राहिलो. तिकडे तांब्या हलला, फोन आडवा झाला आणि पंखा दिसायला लागला.